अठराव्या दिवसाचा भागाकार

महालिंगप्पांचा फोन आला तेव्हा युसरा वर्गात शिकवत होती. त्यांनी हॅलो म्हटलं नाही की नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "डबा मेला."

तिनं वर्ग सोडून दिला, शिकवण्यासाठी ठेवलेला छोटा कॉम्प्युटर कपाटातून काढून पिशवीत टाकला आणि स्कूटी काढली.

उमरग्याच्या बाहेर, हैदराबादच्या रस्त्याला लागून, एक तेलघाणा बंद पडून आहे. त्याच्या मागच्या खोलीत महालिंगप्पांनी अंडी उबवायचं मशीन बसवलं होतं. कपाटाएवढं लोखंडी खोकं, आतून थर्माकोल, आत ट्रेवर ट्रे. आसपासच्या गावांतल्या बाया आपल्या गावरान कोंबड्यांची अंडी तिथं आणून द्यायच्या, अर्धलीनं. शेळी अर्धलीनं पाळायला देतात तसंच हे. पिल्लं निघाली की निम्मी बाईची, निम्मी महालिंगप्पांची. अंडं वाया गेलं तर दोघांचंही गेलं. ओळख पटावी म्हणून प्रत्येकीची खूण अंड्यावर असे. कुणाचा काजळाचा ठिपका, कुणाची हळदीची रेघ, कुणाची कोळशाची फुली.

मे महिन्यात एक अख्खी खेप गेली होती. वीज गेली, जनरेटरनं ऐनवेळी दगा दिला, आणि नंतर अंडी फोडून बघताना खोलीत कुणाला थांबवेना. बायांनी अंडी देणं बंद केलं. महालिंगप्पा साठी ओलांडलेले, गुडघ्यांनी अधू. तरी पुन्हा दारोदार फिरले, चहा घेतला, बोलणी ऐकली. जानेवारीत कशीबशी ही खेप भरली. ही गेली तर पुढची येणार नव्हती. हे त्यांनी युसराला मशीन भरताना सांगितलं होतं, आणि नंतर पुन्हा एकदा सांगितलं होतं.

आज त्या अंड्यांचा सतरावा दिवस होता.

ती पोचली तेव्हा महालिंगप्पा मशीनला खेटून उभे होते. एक हात हीटरच्या बटणावर, डोळे तापमापीवर. बाहेर थंड वारा सुटला होता आणि दाराच्या फटीतून तो आत येत होता.

"सदतीसच्या खाली चाललं," ते म्हणाले. "बटण दाबलं की वर पळतंय, सोडलं की खाली पडतंय. म्या किती वेळ असा उभा ऱ्हाऊ?"

"मी म्हणेपर्यंत," युसरा म्हणाली.

मशीनच्या डोक्यावर तो डबा होता. तळहाताएवढा कॉम्प्युटर. आतली ऊब, ओल आणि ट्रे कलते करणारी मोटर, तिन्हीची दोरी त्याच्या हातात होती. त्यातला प्रोग्रॅम महालिंगप्पांच्या मुलानं, नंदीशनं, कॉलेजात असताना लिहिला होता. नंदीश आता बंगळूरला होता. डबा खरंच मेला होता. करपल्याचा वास येत होता. पण त्यातलं कार्ड जिवंत होतं. युसरानं कार्डावरचा प्रोग्रॅम आपल्या नव्या डब्यात उतरवला, तारा एकेक करून जोडल्या आणि प्रोग्रॅम चालू केला.

पडद्यावर तांबडी ओळ आली. सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमांतली चूक.

युसरा चौतीस वर्षांची होती. तिचे वडील महेबूबभाई याच हायवेवर ट्रकची इंजिनं खोलत. तिनं सोलापुरात शिक्षण घेतलं, पुण्यात नोकरी केली. तिथं तिचं काम दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये खोट काढण्याचं. वडिलांची एक बाजू लुळी पडली तेव्हा ती महिन्याभराच्या बोलीवर परत आली आणि राहिली. कापडाच्या दुकानावरच्या खोलीत तिनं कॉम्प्युटरचा वर्ग काढला. गावात पडदा असलेली कुठलीही वस्तू बिघडली की लोक तिलाच हाक मारत. दवाखान्यातलं मशीन, पेट्रोलपंपावरचं, मशिदीतलं नमाजच्या वेळा दाखवणारं घड्याळसुद्धा. ती फारशी बोलत नसे. चूक समोर आली की आधी ती पुटपुटत वाचायची, मग हात लावायची. मधल्या वेळात ओढणीचं टोक दातांत असे.

आता तिनं चूक वाचली. प्रिंट या शब्दापुढं कंस नाही.

चूक नंदीशची नव्हती. त्यानं लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं. मधल्या वर्षांत प्रोग्रॅम लिहायची ती भाषाच बदलली होती. जुन्या आवृत्तीला कंसाशिवाय चालायचं, नवीला चालत नव्हतं. नव्या डब्यात नवीच आवृत्ती होती, आणि ऊब मोजणारा भाग आता फक्त तिच्याशीच बोलत होता. मागं जायची वाट नव्हती.

तिनं कंस घातले. पुन्हा चालू केलं. तांबडी ओळ. या खेपेला स्वल्पविरामाच्या जागी वेगळा शब्द हवा होता. तो घातला. तांबडी ओळ. सहा या आकड्याआधी शून्य लिहिलेलं. नव्या आवृत्तीला आकड्याआधीचं शून्य खपत नव्हतं.

"किती ऱ्हायल्या?" महालिंगप्पांनी विचारलं.

"माहीत नाही."

"म्हंजे?"

"हे एका वेळेला एकच चूक दाखवतंय, अप्पा. ती काढली की मागची पुढं येते. मागं किती उभ्या आहेत ते सांगत नाही."

महालिंगप्पांनी बटण सोडलं. बाहेरून एक ट्रेलर गेला आणि मशीनचं दार किंचित थरथरलं.

तिनं नंदीशला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला.

"फेकून दे गं ते," नंदीश म्हणाला. "मी तयार कंट्रोलर मागवतो. तीन-चार दिवसांत घरी."

"चार दिसात पिल्लं घरी येत्यात, कंट्रोलर घिऊन काय त्येचा पाळणा करू?" महालिंगप्पा मशीनकडं बघतच ओरडले.

"अप्पा, तुम्ही शांत रहा."

"तू हितं येऊन बटण धर, मग शांत ऱ्हातो."

नंदीश मीटिंगमध्ये होता. तरी त्यानं मोबाईलवरच बिघडलेला तुकडा नव्यानं लिहिला आणि पाठवून दिला. युसरानं तो जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये बसवला. आतापर्यंत ज्या ओळी मुकाट होत्या त्याही तांबड्या व्हायला लागल्या. मोबाईलच्या कीबोर्डनं प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर मोठं करून ठेवलं होतं आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी केली होती.

"तू मदत करू नकोस," युसरा त्याला म्हणाली. "नुसता वाचून दाखव. मी लिहिते."

मग तो बंगळूरहून वाचत राहिला आणि ती लिहीत राहिली. मध्ये मध्ये महालिंगप्पा आकडा सांगत. साडेसदतीस. अडतीस, अडतीस, बंद केलं. पुन्हा सदतीस. तिघांपैकी एकाचा जरी सूर चढला तरी बाकीचे दोघे गप्प व्हायचे. शेवटची चूक दिसत नव्हती, कारण ती पांढऱ्या जागेत होती. काही ओळी नंदीशनं उमरग्यात लिहिल्या, काही नंतर बंगळूरहून घातल्या. एकीकडं टॅब दाबून जागा सोडलेली, दुसरीकडं स्पेस दाबून. डोळ्यांना सगळं एका रेषेत. जुनी आवृत्ती ते चालवून घेत होती. नवी अडून बसली होती. युसरानं प्रत्येक ओळीची डावीकडची रिकामी जागा पुसली आणि पुन्हा भरली.

प्रोग्रॅम चालू झाला. पडद्यावर उजेड आला: ऊब साडेसदतीस, दिवस सतरा. थोड्या वेळानं मोटर घुरघुरली आणि सगळे ट्रे एकदम, सावकाश, डावीकडं कलले. ती ट्रकच्या वायपरची मोटर होती, महेबूबभाईंनीच बसवून दिलेली.

महालिंगप्पांनी बटणावरून हात काढला आणि तो हात बराच वेळ दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"जेवून जा," ते म्हणाले.

"आता भूक मेली, अप्पा."

दुसऱ्या दिवशी अठरावा दिवस लागला. अठराव्या दिवसापासून अंडी हलवायची नसतात. आतलं पिल्लू टोच मारायच्या जागी डोकं आणून ठेवतं. त्यानंतर ट्रे कलले तर त्याची दिशा चुकते. मोटर थांबली पाहिजे, आणि आतली ओल वाढली पाहिजे, नाहीतर कवचाच्या आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. सकाळी महालिंगप्पांनी स्वतः उभं राहून पाहिलं. मोटर थांबली. वाफारा सुरू झाला. त्यांनी मशीनचं दार लावलं तसं खोलीचंही लावलं, कुलूप घातलं.

इथून पुढं ती बाळंतिणीची खोली. हा त्यांचा नेम होता. दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचायचा, तीन दिवस कुणी आत जायचं नाही, सावलीही पडू द्यायची नाही. मे महिन्यातल्या खेपेत दर घटकेला दार उघडून बघितलं गेलं, म्हणून ती गेली असं बायांचं म्हणणं होतं. या वेळी डहाळा धुरपताबाईंनी आणला. सगळ्यात जास्त अंडी त्यांची होती, कोळशाच्या फुलीची. त्या ओट्यावरच बसून राहिल्या. घरी सून होती, काम होतं, तरी बसल्या.

त्याच्या पुढच्या सकाळी युसरा वर्गात फळ्यापाशी उभी होती. परवाच्या गोंधळाचाच तिनं धडा केला होता. भाषेची जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, काय काय बदललं. कंस झाले. शून्य झालं. मग सवयीनं ती पुढच्या मुद्द्यावर आली, दरवर्षी येते तशी.

"जुन्यात सात भागिले दोन केलं तर उत्तर तीन यायचं. टिंबापुढचं सगळं गाळून टाकायचं. नव्यात साडेतीन येतं. इथं सिंटॅक्स एरर येत नाही. दोन्ही चालतात. म्हणून हे सगळ्यात वाईट."

खडू फळ्यावर टेकलेला राहिला.

"मॅडम?" मोनिका नावाच्या मुलीनं विचारलं.

युसरानं लॅपटॉप उघडला. मशीनच्या प्रोग्रॅमची प्रत त्यात होती. ती ओळी खाली सरकवत गेली आणि भागाकाराच्या ओळीवर थांबली. मग ती जिन्यात आली आणि तिनं नंदीशला फोन केला.

"दिवस कसा काढलायस तू?"

"तासांना चोवीसनं भागून."

"आणि मोटर कधी थांबवायची?"

"दिवस अठरा, एकोणीस किंवा वीस असेल तेव्हा." तो थांबला. "बरोबर अठरा."

"जुन्या आवृत्तीत दिवसभर अठराच यायचं."

"नव्यात..." नंदीशचा आवाज बारीक झाला. "पहिल्या तासाला अठरा. पुढच्या तासाला अठरा आणि टिंबापुढं काहीतरी. म्हणजे एक तास थांबली असेल. मग परत सुरू."

"आणि ओल?"

"तीच अट. ओलही बंद."

"पडद्यावर अठराच दिसलं असतं ना?"

"व्हय. दाखवताना टिंबापुढचं झाकायला मीच लिहिलंय." मग म्हणाला, "मी अप्पांना फोन करतो."

"तू केलास तर ते अजिबात उघडणार नाहीत," युसरा म्हणाली आणि जिना उतरली.

ओट्यावर दोघं होती. महालिंगप्पा खुर्चीत, धुरपताबाई भिंतीला टेकून. युसरानं स्कूटी नीट लावलीसुद्धा नाही.

"अप्पा, कुलूप काढा. मोटर चालू आहे."

"बंद हाय. माझ्या डोळ्यानं बघितलं."

"बघितलं तेव्हा बंदच होती. एक तास. त्यानंतर परत सुरू झाली असणार."

"असणार?"

तो शब्द तिच्याही कानाला लागला. मोटर तासातून एकदा, काही क्षण चालायची. थर्माकोल, लोखंड, दोन भिंती, आणि पलीकडं हायवे. दाराला कान लावून काही कळलं नसतं. ऐकू आलं नाही म्हणजे बंद आहे, असंही नव्हतं. बाहेरून वीज तोडावी तर हीटरही त्याच तारेवर. डबा आत होता.

"परवा तू म्हनलीस झालं," महालिंगप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळंच तिला तो सहन होत नव्हता. "आज म्हनतीस न्हाय झालं. उद्या काय म्हनशील? दार उघडलं की ओल गेली. ओल गेली की पिल्लू कवचाला चिकटलं. म्या बायांना शब्द दिलाय, तीन दिस हात लावनार न्हाय."

"परवा ज्या चुका होत्या त्या ओरडत होत्या, म्हणून सापडल्या. ही ओरडत नाही. मी ती बघितली नाही, अप्पा. बघायला पाहिजे होती." तिनं श्वास घेतला. "माझा हिशेब बरोबर असेल तर आत ओल नाहीच. जी जाईल म्हणून तुम्ही भिताय, ती कालच गेलीय."

"आन् हिशेब चुकीचा आसंल तर?"

"तर ही खेप माझ्यामुळं गेली."

महालिंगप्पा उठले. किल्ली कमरेच्या करगोट्याला होती. त्यांनी ती मुठीत धरली, पण दाराकडं गेले नाहीत. "शिवा, शिवा," एवढंच पुटपुटले. एक एसटी हॉर्न वाजवत गेली. लिंबाचा डहाळा कालच्यापेक्षा सुकला होता.

"काय खलबत चाललंय?" धुरपताबाई म्हणाल्या. त्यांना टिंब, भागाकार यातलं काही लागत नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही. "लेकी, एकच सांग. आत अडलंय का?"

"अडलंय, मावशी."

"मंग बसलाव कशाला?" त्या महालिंगप्पांकडं वळल्या. "बाळंतिणीच्या खोलीत कुनी जाऊ न्हाय, खरं हाय. पर अडली तर सुईन खिडकीतनं हात घालती का? दार उघडूनच आत जाती. काढ कुलूप. माझी अंडी सगळ्यात जास्ती हायती, म्या सांगते."

महालिंगप्पांनी कुलूप काढलं.

खोली कोरडी होती. तिघांनाही ते नाकानं आधी कळलं. वाफाऱ्याचं भांडं जवळजवळ भरलेलंच, गार. पडद्यावर दिवस एकोणीस. ट्रे उजवीकडं कलते उभे होते. युसरानं काचेला डोळा लावला. खालच्या ट्रेमध्ये, उतरणीच्या कडेला, एका अंड्याला तडा गेला होता आणि तड्यातून चोचीचं पांढरं टोक आत-बाहेर होत होतं. शेजारचं अंडं घरंगळून बरोबर त्या तड्यावर टेकलेलं.

तिनं प्रोग्रॅमला हात लावला नाही. मोटरची तार धरली आणि ओढून काढली. मग ट्रेचा दांडा दोन्ही हातांनी धरून तो सपाट होईपर्यंत खाली आणत गेली. महालिंगप्पा पाणी तापवायला पळाले. अधू गुडघ्यांचा माणूस पळतो तसे, भिंतीला धरून. धुरपताबाईंनी गोणपाट गरम पाण्यातून पिळून मशीनच्या तळाशी अंथरलं. ते होईपर्यंत दार उघडं राहिलं. दार लागलं. मग युसरा स्टुलावर बसली आणि भागाकाराची ती एकच ओळ दुरुस्त केली. एका तिरप्या रेघेच्या जागी दोन, म्हणजे टिंबापुढचं पुन्हा गळेल. बाकी काही नाही. वाफारा फुसफुसला.

"आता?" महालिंगप्पा म्हणाले.

"आता मलाही माहीत नाही."

ती रोज येत राहिली. वर्ग बंद ठेवला. घरी अब्बांनी विचारलं, "मोटर का क्या हुआ?" तेव्हा म्हणाली, "मोटर अच्छी है अब्बा, हुकूम गलत था." ओट्यावर आणखी बाया येऊन बसायला लागल्या. काय झालं ते धुरपताबाईंनी त्यांना सांगून टाकलं होतं, काहीही न झाकता. कुणी युसराशी बोलत नव्हतं, कुणी तिला उठही म्हणत नव्हतं. मे महिन्यात ज्या जागी बसून त्या रडल्या होत्या त्याच जागी आता शेंगा फोडत होत्या. विसाव्या दिवशी दुपारी आतून आवाज आला. एक, मग बराच वेळ काही नाही. मग एकदम तीन-चार.

एकविसाव्या दिवशी महालिंगप्पांनी मशीन उघडलं. सगळी निघाली नव्हती. साधारण चौथा हिस्सा अंडी तशीच होती. काहींतून टोच अर्धी मारलेली, आत पिल्लू वाळून गेलेलं. महालिंगप्पांनी ती वेगळी काढली आणि फडक्याखाली झाकली नाहीत, सगळ्यांसमोर ठेवली. कुणाची खूण कुठली ते बाया बघत होत्या. काजळ. हळद. फुली. उरलेली पिल्लं टोपल्यांत ओली, मग फुगीर, मग गोंगाट करणारी झाली.

वाटणी झाली. उचलायचा पहिला मान बाईचा. धुरपताबाईंनी आपल्या टोपलीतली पिल्लं भराभरा दोन्हीकडं केली. एकाची बोटं वळलेली होती, ते पंजाच्या कडेवर चालत होतं. महालिंगप्पांनी ते आपल्याकडं ओढलं. धुरपताबाईंनी ते परत घेतलं.

"ऱ्हाऊ दे. आमच्यात लंगडी लई हायती, खपून जाईल."

बाया हसल्या. युसरा हसली नाही. ती मेलेल्या अंड्यांकडं बघत होती.

"मंग अप्पा," धुरपताबाईंनी पदर खोचत विचारलं, "पुढली अंडी कधी आनायची?"

महालिंगप्पांनी युसराकडं पाहिलं. बायांनीही पाहिलं.

"लगेच नको," युसरा म्हणाली. "मशीन आधी रिकामं चालवते. पहिल्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत. प्रत्येक दिवस बदलताना मी इथं उभी राहणार. त्यानंतर आणा."

"रिकामं?"

"रिकामंच."

धुरपताबाईंनी कलते होणाऱ्या त्या ट्रेंकडं पाहिलं. "रिकामा पाळना हलवू न्हाय, लेकी," त्या म्हणाल्या. "आपशकून आसतो."

युसरा काही बोलणार होती. पण त्या टोपली डोक्यावर घेऊन निघाल्याही होत्या, आणि पाठमोऱ्याच बोलत होत्या.

"चार अंडी सकाळी धाडून देते. गेली तर गेली."